अर्ध्या बांधाचं औषध

औषध शोधायला प्रयोगशाळा लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा निमोण्यात माझ्या बांधावर येऊन बसावं! पांढरे कोट घालून मिरवणाऱ्यांना जे जमलं नाही, ते मी नुसत्या विळ्यानं करून दाखवलं! म्हणजे, शनिवारपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

माझी भाची हर्षदा शिरूरला एम.एस्सी. करते. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध झाडपाल्याचा रस ठेवायचा; भोवतीचे जंतू मेले की तिथं स्वच्छ गोल पडतो. तिच्या तुळशी-कडुनिंबाचे गोल पडले टिकलीएवढे! सोमवारी सरांपुढं प्रकल्प मांडायचा, नाहीतर वर्ष वाया. पोरगी रडकुंडीला आलेली.

"रडतीस काय? जखमेवर आपण दगडीपाला चोळतो, त्यो घे!" मी बांधावरचा पिशवीभर कापून दिला.

शुक्रवारी तिचा फोन. "मामा! अख्खी बशी साफ! एक जंतू शिल्लक नाही!"

झालं! मी गावात पेढे वाटले. स्टँडवर फ्लेक्स लावला. फोटोत मी एवढा गंभीर, जणू जंतूंच्या दहाव्याला आलोय!

शनिवारी हर्षदा आणखी पाला न्यायला बांधावर आली. तेवढ्यात शेजारचा बाळासो तणतणत आला.

"अर्धा बांध माझा हाय! म्हंजी अर्धं औषध माझं!"

"तुझ्या बाजूला नुसतं गाजरगवत उगवतंय!"

"आन् तू? डाळिंब फवारलं की हितंच पंप धुतोस! सगळा फेस माझ्या वावरात!"

"माझा पंप! कुठं बी धुईन!"

हर्षदाच्या हातातली पिशवी खाली पडली. "मामा, पंपात काय असतं?"

"तेल्या रोगाची पुडी. जंतू मारायची. अँटिबायो..."

बोलता बोलता मी पंपाच्या जागेकडं बघितलं. तिथंच दगडीपाला माजला होता.

बाळासो दोन पावलं मागं सरकला. "सगळा बांध तुझाच बरं का! आपला काय संबंध न्हाई!"

हर्षदानं मात्र माळावरचा पाला आणून पुन्हा तपासला. टिकलीएवढाच गोल! मग तिनं विषयच फिरवला: फवारणीतलं अँटिबायोटिक बांधावरच्या तणात कसं उतरतं. सर खूश! पोरीचं वर्ष वाचलं.

प्रकल्पात माझं नाव छापलंय, असं कळल्यावर मी आधी आभाराचं पान उघडलं. तिथं नव्हतं.

ते होतं पुढं, 'नमुना दूषित होण्याचे कारण' या मथळ्याखाली. आडनावासकट!