सुट्टी आधी, बर्फ नंतर

हिमवर्षाव ही मुळात प्रशासकीय घटना आहे. हवामानाशी तिचा संबंध आलाच, तर तो योगायोगाने येतो. उत्तरेकडच्या लोकांना हे उमगत नाही, कारण त्यांच्याकडे बर्फ खरोखरच पडतो.

वर्नेल टिडवेल हे अलाबामातल्या कूसाबेल काउंटीचे शिक्षणाधिकारी. शाळा कधी बंद ठेवायच्या हे ठरवणं हे त्यांचं मुख्य काम (शाळा चालवणं हे जोडकाम). त्यांच्या आधीचे क्रेनशॉ एका जानेवारीत “काही होत नाही” म्हणाले आणि दुपारी बोटभर बर्फ पडून सगळ्या बसगाड्या जागच्या जागी अडकल्या. पोरांनी रात्र शाळेच्या जिममध्ये काढली. पोरांच्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सर्वोत्तम रात्र होती. पण पोरांना मतदानाचा हक्क नसतो. क्रेनशॉ सध्या फ्लोरिडात होड्या विकतात.

तेव्हा सोमवारी टीव्हीवरच्या हवामानवाल्याने चष्मा काढला, तसे टिडवेल उभे राहिले. (चष्मा काढला म्हणजे शक्यता. काढून पुसला म्हणजे खात्री.) त्याने पुसला.

काउंटीने ताबडतोब संकटाचा मुकाबला सुरू केला, म्हणजे ब्रेड आणि दूध विकत घेतलं. ब्रेड आणि दूध मिळून नेमकं काय करतात हे काउंटीत कुणालाही ठाऊक नाही, पण ते घरात नसताना बर्फ पडला तर माणूस वाचत नाही अशी श्रद्धा आहे. टिडवेलांची बायको ओपाल दुकानातून परतली ती गड जिंकल्यासारखी. हातात हॉटडॉगचे पाव आणि ताकाची बाटली.

“दूध नव्हतं?”

“वर्नेल, पास्टरची बायको शेवटचं दूध छातीशी धरून उभी होती. मी काय तिच्याशी झोंबू? म्हणजे, झोंबले. पण तिचा हात भारी आहे.”

काउंटीकडे बर्फावर चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर वाळू टाकणारा एक ट्रकही आहे. वाळू मात्र उन्हाळ्यात चर्चच्या व्हॉलीबॉल मैदानाला दिली होती आणि देवाला दिलेलं परत मागणं बरं दिसलं नसतं. तो ट्रक रिकामाच रस्त्यावरून फिरवण्यात आला. लोकांना धीर आला.

मंगळवार-बुधवारची सुट्टी जाहीर झाली. एकच विरोध आला, तो मिनेसोटाहून नव्याने आलेल्या गणिताच्या नूटसनबाईंचा.

“साहेब, बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरताहेत. आमच्याकडे अशा हवेत आम्ही आईस्क्रीमला रांग लावतो.”

“बाई,” टिडवेल शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे बर्फाला कुणी विचारत नाही. आमच्याकडे तो आला आणि आम्ही तयार नसलो, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.”

मंगळवारी असं ऊन पडलं की सरडे बाहेर आले. लोकांनी अंगणात शेगड्या पेटवून डुकराच्या बरगड्या भाजल्या आणि एका हाताने त्या उलटवत दुसऱ्या हाताने शिक्षणाधिकाऱ्यांना फोन लावले.

“टिडवेल, माझी तिन्ही पोरं घरात आहेत,” एक बाप कळवळून म्हणाला. “तिन्ही. सकाळपासून. तुला पोरंबाळं आहेत की नाही?”

बुधवारीही ऊनच. टिडवेलांच्या बडतर्फीचा विचार करायला शिक्षण मंडळाची बैठक बोलावली गेली. पण हवामानामुळे सभागृह बंद असल्याने ती अध्यक्ष मर्टिस गॅफर्डबाईंच्या हिरवळीवर घ्यावी लागली. गॅफर्डबाई उन्हाने डोळे बारीक करत म्हणाल्या, “उद्या शाळा उघड. आणि पुन्हा जर बर्फाचं नाव काढलंस वर्नेल, तर क्रेनशॉला एका मदतनिसाची गरज आहे असं ऐकते.”

टिडवेलांनी मान डोलावली. त्यांना होडीत बसलं की मळमळतं.

गुरुवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे रस्ते पाहायला एकटेच निघाले. नदीच्या पुलावर आले आणि गाडीच्या दिव्यात काहीतरी पांढरं भुरभुरू लागलं. टिडवेल खाली उतरले. पुलाचा कठडा पांढरा झाला होता, आणि त्यावर हात ठेवावा तर बोटं उमटत होती. नियमाप्रमाणे त्यांनी पट्टी काढून जाडी मोजायला हवी होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग बावन्न वर्षांच्या त्या शासकीय अधिकाऱ्याने मान वर केली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

बऱ्याच वेळाने त्यांनी बसगाड्या सांभाळणाऱ्या हॉइटला फोन लावला.

“हॉइट, गाड्या काढू नकोस.”

“साहेब, खरंच पडतोय?”

“पडतोय.”

“कसा आहे?”

“काय सांगू तुला,” टिडवेल म्हणाले, “तू बाहेर ये.”

दहा वाजेपर्यंत सगळं वितळलं. तेवढ्यात एका गल्लीतल्या पोरांनी नऊ मोटारींवरचा बर्फ खरवडून बाटलीएवढा बर्फाचा माणूस केला. तो फ्रीजरमध्ये असून त्याचं बारसं झालेलं आहे. नूटसनबाई दुकानात दोन्ही काखांत ब्रेड मारून उभ्या दिसल्या. “सगळेच घेत होते, साहेब,” एवढंच त्या म्हणाल्या.

मंडळाने तातडीने ठराव केला. टिडवेलांना बर्फ येणार हे तीन दिवस आधीच कळलं होतं. तो वेळेवर आला नाही, यात त्यांचा काय दोष? त्यांना मुदतवाढ मिळाली. टाळ्या सर्वांत जोरात गॅफर्डबाईंनी वाजवल्या. घरी जाताना टिडवेलांनी खबरदारी म्हणून शुक्रवारचीही सुट्टी देऊन टाकली, आणि एकाही बापाने फोन केला नाही.

तर असे हे भोळे लोक. तुम्ही हसलात, ते साहजिक आहे. गेल्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी रेड अलर्ट म्हणून शाळांना सुट्टी दिली, तेव्हा मुलांना गाडीत घालून तुम्ही धबधब्यावर निघाला होतात. घाटात चार तास अडकल्यावर काच खाली करून तुम्हीच म्हणालात ना, “काय लोक आहेत! एवढा अलर्ट दिलाय, तरी घरी बसवत नाही.”