गुप्तेकाकांची वीस माणसं

सकाळी सव्वासहाला दुबईला लागून असलेल्या अल नहदाहून आमची गाडी ऑफिसला निघते तेव्हा तिच्यात दोनच माणसं असतात, मी आणि गुप्तेकाका. दुबईची हद्द आमच्या बाल्कनीतून दिसते, पण ट्रॅफिकमधून ती ओलांडायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात गाडीत आणखी वीस जण येऊन बसतात. सगळे स्कॉटिश, सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे आणि सगळे रग्बी खेळणारे.

"काल त्या पाद्र्याच्या मुलाचा पत्ता लागला," काका सीटबेल्ट लावता लावता सांगतात.

"अरे वा," मी म्हणतो. कोण पाद्री, कुठला मुलगा, हे विचारायचं नसतं. विचारलं तर पाऊण तास पुरत नाही.

सुधाकर गुप्ते आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात आणि एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. म्हणजे ऑफिसात येणारा प्रत्येक कागद नंबर टाकून नोंदवायचा. नकाशाची सुधारलेली प्रत आली की जुन्या नकाशावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा, म्हणजे त्याच्यावरून कोणी चुकून भिंत बांधू नये. तीस वर्षं हेच काम केल्यावर माणूस जसा होईल तसे काका आहेत. गणपतीला यंदा पाच दिवस हॉल मिळणार अशी बातमी कोणी आणली की सगळे टाळ्या वाजवतात आणि काका हात पुढे करून विचारतात, "कागद कुठंय?" काकूंच्या वालाच्या बिरड्यात मीठ कमी झालं आणि त्यांनी वरून घातलं, तर त्या वाटीला ते 'रिव्हिजन वन' म्हणतात. काकूंनी या माणसाशी संसार कसा केला हे मी एकदा गमतीत विचारलं होतं. "मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट करून आणलंय ना," त्या म्हणाल्या, "आता काय करणार?"

या माणसाच्या आयुष्यात रग्बी कुठून आली? तर एका भिंतीवरून. काकांचे जुने साहेब स्कॉटिश होते. ते निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि त्यांच्या केबिनमध्ये एक फोटो टांगलेला राहून गेला. आडव्या पट्ट्यांच्या जर्सी घातलेले, दाढीमिशावाले वीस जण, मांडीवर हात ठेवून, कोणीतरी दम दिल्यासारखे बसलेले. फोटोखाली नाव नाही, गाव नाही, साल नाही. साहेबांना ईमेल केला तर ते म्हणाले, मलाही माहीत नाही, मी तो जुन्या बाजारातून घेतला होता, तू फेकून दे.

"फेकून दे!" काका अजूनही ही गोष्ट सांगताना स्टिअरिंगकडे हात नेतात, गाडी मी चालवत असलो तरी. "माझ्या ऑफिसात नंबर नसलेला कागद? आणि तो फेकून दे?"

त्यांनी नाही फेकला. घरी आणला, हॉलमध्ये लावला आणि त्या वीस जणांना शोधायला बसले. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकलेली असतात, तिथे रोज संध्याकाळी जेवणाआधी एक तास. त्यातून कळलं की हा स्कॉटलंडच्या दक्षिणेकडचा जिल्हा संघ, लोकरीच्या गिरण्यांच्या मुलखातला. मग त्यांच्याविरुद्ध खेळलेला जिल्हा, मग त्याच्याविरुद्धचा तिसरा. आज काकांकडे आठ बॉक्स फायली आहेत. प्रत्येक सामन्याला नंबर, प्रत्येक खेळाडूला पान, आणि पुराव्याशिवाय एकही नाव नाही.

स्वतः काका रग्बीच काय, कॅरमसुद्धा खेळलेले नाहीत. पण त्या काळचे नियम त्यांच्याकडून ऐकावेत. "वीस विरुद्ध वीस, मंदार! त्यातले बहुतेक एकमेकांना नुसते ढकलतायत. बॉल कुठे आहे हे निम्म्यांना शेवटपर्यंत कळत नाही. नडग्यांवर लाथा. आणि एवढं मरमर धावून पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवला, तर पॉइंट किती? शून्य! फक्त गोलात बॉल मारून बघायची परवानगी. म्हणून त्याला ट्राय म्हणायचे. म्हणजे बघ, ट्राय हे एन्ट्री परमिट. गोल मारला की मग रेसिडेन्सी."

दुबईत हल्लीची रग्बी भरपूर खेळतात, म्हणून एका शनिवारी मी त्यांना हौसेनं मॅच बघायला नेलं. काका वीस मिनिटं बसले. मग म्हणाले, "यांच्या पाठीवर नंबर आहेत. स्क्रीनवर नाव येतंय. शोधायचं काय?" आणि आम्ही घरी आलो.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण सकाळी सव्वासहाला मला हसू येत नसे. कित्येकदा गाडीत मुद्दाम मोठ्यानं गाणी लावली. काका गाणं संपेपर्यंत थांबायचे आणि दुसरं सुरू व्हायच्या आत गिरणीतल्या फोरमनवर यायचे. तरी एखाद्या दिवशी ते सुट्टीवर असले की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, हेही खरं आहे.

गेल्या महिन्यात मात्र काका गाडीत गप्प बसायला लागले. दोन दिवस मी सुख मानलं. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"एल्सीबाईंचं पत्र आलंय," ते म्हणाले.

काका आपल्या याद्या इंटरनेटवर टाकतात. त्या बघून एल्सी नावाच्या एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी त्यांना लिहिलं होतं. त्याच लोकरीच्या मुलखात, वृद्धांच्या निवासात त्या राहतात. त्यांचे आजोबा गिरणीत कामाला होते आणि तरुणपणी एकदा जिल्ह्याकडून खेळले होते, बर्फ पडत असताना झालेल्या सामन्यात. घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. पण बाईंचा भाचा दर नाताळात यावरून त्यांची चेष्टा करतो, म्हणतो की ही सगळी थाप आहे. बाईंनी लिहिलं होतं, माझ्यानंतर ही गोष्ट सांगणारं कोणी नाही, तेव्हा मी असेपर्यंत मला खरं काय ते कळवा. शनिवारी दुपारी व्हिडिओवर बोलायचं ठरलं होतं.

"मग? सापडले का आजोबा?"

"सापडले ना." काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "बर्फातला सामना एकच. वर्तमानपत्रात वीसच्या वीस नावं आहेत. त्यांत आजोबा नाहीत."

"एखादं नाव छापायचं राहिलं असेल."

"नाही रे. त्याच अंकात, दोन पानं पुढे, आजोबा आहेत. त्याच दिवशी, वीस मैलांवर, भाज्यांच्या प्रदर्शनात. सलगमांना, म्हणजे टर्निप्सना, दुसरं बक्षीस."

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"मग हो म्हणून टाका," मी म्हणालो. "अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. तुमचं काय जातंय? कोण तपासायला येणारे?"

काका असे चिडलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. "खोटी एंट्री? मी? मंदार, आठ फायलींत एक नाव खोटं घुसलं तर बाकीच्यांची किंमत काय? उद्या तू म्हणशील, नकाशात खांब नाही, पण काँट्रॅक्टरला वाईट वाटेल म्हणून दाखवू." पुढचे तीन दिवस आमच्या गाडीत फक्त रेडिओ बोलला.

इथून परदेशी साधे फुकटचे व्हिडिओ कॉल लागत नाहीत, मीटिंगचं सॉफ्टवेअर लागतं. ते काकांना जमत नाही, म्हणून कॉल आमच्या घरून, माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर होणार होता. सई अकरावीत आहे. शनिवारी दुपारी काका टाय लावून आले. हातात सहा नंबरची फाइल, तिच्यात दोन पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"डॅड, ही लुक्स लाइक ही इज गोइंग टू कोर्ट," सई माझ्या कानात म्हणाली. फाइल काय आहे ते तिला काकांनीच दाखवलं होतं, यादीवर बोट फिरवून, सलगमांसकट.

पडद्यावर एल्सीबाई आल्या. अगदी छोट्या, गुडघ्यांवर शाल, केस नुकतेच विंचरलेले. शेजारी त्यांची नर्स बसली होती. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं. काकांना सगळं कळत होतं, साहेबांची कृपा.

काकांनी घसा साफ केला आणि फाइल उघडली. पण बाईंनाच बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांच्या नडगीवर एक खड्डा होता. मी त्यांच्या पायाशी बसून त्यात बोट घालायची आणि ते म्हणायचे, इथे पलीकडच्या जिल्ह्यानं मला लाथ मारली. दर वेळी मी विचारायची, दुखलं का? ते म्हणायचे, नाही, आम्ही जिंकलो होतो ना.

मग त्यांनी शाल नीट केली आणि विचारलं, "तर मिस्टर गुप्ते, होते का ते संघात?"

काका पिवळ्या चिठ्ठीवर अंगठा ठेवून बसले होते. बोलेनात. इतका वेळ बोलेनात की पलीकडे बाई नर्सला म्हणाल्या, यांचं चित्र अडकलंय वाटतं. सईनं घाईघाईनं वाय-फाय बघितलं.

"नो मॅडम, आय ॲम हिअर," काका म्हणाले. मग ताठ बसून, ऑफिसच्या आवाजात: "ही प्लेड, मॅडम. फॉरवर्ड होते. कन्फर्म्ड."

बाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी नर्सच्या हातावर चापटी मारली आणि म्हणाल्या, "बघ! मी काय सांगत होते?" आणि मग पाच मिनिटं भाच्याला काय काय ऐकवणार आहेत ते सांगत राहिल्या. काका मान हलवत होते.

कॉल संपला. सईला राहवलं नाही. "बट अंकल, व्हॉट अबाउट द टर्निप्स?"

काकांनी फाइल मिटली. "टर्निप्स सुपरसीडेड," ते म्हणाले.

मी टाळी देण्यासाठी हात पुढे केला. त्यांचं लक्षच नव्हतं. चहा घेऊन ते बाल्कनीत गेले, म्हणून मीही गेलो. खाली दुबईकडे जाणारी गाड्यांची रांग शनिवारीसुद्धा हलत नव्हती.

"माझे बाबा जिल्ह्याकडून कबड्डी खेळले होते," काका म्हणाले. "म्हणजे, ते म्हणायचे तसं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून वडिलांचा विषय मी पहिल्यांदा ऐकत होतो. वडील पेणला कोर्टात कारकून होते. जेवणं झाली की अंगणात मुलांना उभं करून एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणून दाखवायचे, चेहरा लाल होईपर्यंत. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे, कॉलेजात हुशार, कशावरून तरी बापाशी वाजलेलं. ते एस.टी.नं अलिबागला गेले आणि जिल्ह्याच्या संघटनेची जुनी रजिस्टरं कपाटातून काढायला लावून दिवसभर बघत बसले.

"गौरीच्या जेवणाला घर भरलेलं होतं. बाबा पाहुण्यांना तेच सांगत होते, जिल्ह्याची मॅच, शेवटची चढाई. मी पानावरून म्हणालो, बाबा, रजिस्टर बघून आलोय. तुमचं नाव नाही."

"मग?"

"मग काही नाही. 'नसेल मग,' म्हणाले आणि पुरण वाढायला घेतलं. त्यानंतर नऊ वर्षं जगले. अंगणात कधी दम धरला नाही."

आपण असल्या वेळी समजूत घालायला जातो, तसा मीही गेलो. म्हणालो, "जाऊ द्या हो काका. तुम्ही खोटं तर नाही ना बोललात? नाव नव्हतंच रजिस्टरमध्ये."

काकांनी कप कठड्यावर ठेवला.

"बाबांच्या खेळायच्या वयातली मधली तीन वर्षं वाळवीनं खाल्ली होती, मंदार. पुठ्ठा उचलला तर नुसता भुसा पडला. ते मी घरी सांगितलं नाही. नाव नाही, एवढंच सांगितलं."