गेणूतात्यांना मेसेज पाठवू नये

बोरी बुद्रुकात राहायला आलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: गेणूतात्यांना मेसेज पाठवू नये. ते उत्तर देतात. आणि उत्तर द्यायला घरी येतात.

एकदा मी सवयीनं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं. दात घासून होतात न होतात तोच खांद्यावर घोंगडी टाकून तात्या दारात. "शुभ सकाळ, भाऊ. फूल पावलं." मग बैठक, चहा आणि माझ्या कांद्यावर पडलेल्या करपा रोगावर तासभर भाषण.

"तात्या, नुसता अंगठा पाठवला तरी चालतं," मी म्हणालो.

"सकाळच्या पारी फूल देणाऱ्याला आंगठा दाखवू? काय बोलता राव!"

तात्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वडील कळप घेऊन कोकणात उतरले की घरचा निरोप कुणीतरी वाटसरू आणायचा, आणि तोंडी जबाब दिल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, अशी रीत. "निरोप पोचला आन् जबाब न्हाई आला, तर मानूस गेला आसं समजायचं," तात्या सांगतात.

'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, शुभ वार्ता कळेल,' असं कुणीतरी त्यांना पाठवलं. तात्यांनी अकरा घरं पायी गाठली, प्रत्येक दारात मेसेज म्हणून दाखवला आणि अकरा चहा प्याले. शुभ वार्ता काही कळली नाही, पित्त मात्र झालं.

हळूहळू भावकीच्या ग्रुपवर चिडीचूप झालं. तात्याही त्या ग्रुपात, त्यामुळे मेसेज टाकण्याआधी माणसं घरातलं दूध बघू लागली. आमची ही तर म्हणाली, "तात्यांचा सत्कार करा. कितीतरी वर्षांनी तुम्ही जेवताना ताटात बघताय."

मग बरेच दिवस तात्या कुठं दिसेनात. आधी मला बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी मीच गेलो. तात्या ओट्यावर एकटे, हातात फोन.

"भाऊ, बिघडलाय का बघा. कुनाचाच मेसेज येत न्हाई."

मी बघितलं. एक मात्र रोज येत होता. मुलाचा, कॅनडाहून. फूल, आणि खाली 'गुड मॉर्निंग बाबा'.

"हा येतोय की, तात्या."

"बाळूचा व्हय." त्यांनी फोन घोंगडीला पुसला. "फोन केला तर म्हनतो, मीटिंगमदी हाय, मेसेज टाका. रोज फूल धाडतो लेकरू. तितं कसा जाऊ जबाब द्यायला? म्हनून मंग तुमच्याकडं येत व्हतो."

त्यांनीच चहा टाकला, तो प्यालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी सगळ्यात मोठं, चमचमतं, भडक फूल शोधलं आणि तात्यांना पाठवून दिलं. हिनं न विचारता चहात एक कप पाणी वाढवलं. मी फोन ठेवला आणि दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो.