उतरा, मग सरकवा

"शिडीवरून पडतात ते शिकाऊ!" असं तो छाती फुगवून सांगायचा. सफरचंदाच्या बागेत सगळे त्याला घोडेस्वार म्हणत. बाकीचे तोडणीवाले एक झाड संपलं की खाली उतरत, शिडी उचलत, पुढच्या झाडाला लावत. हा पठ्ठ्या वर बसूनच ढुंगण हलवत आपली तीन पायांची शिडी पुढच्या झाडापर्यंत चालवत नेई!

पण आता गुडघे कुरकुरू लागले होते, आणि बागेत देखरेखीची जागा निघाली होती. काम जमिनीवरचं. मालकीणबाईंची अट एकच: शिडी नीट वापरून दाखवा.

"अहो, ही नोकरी मिळाली तर माझा दिवसभर टांगलेला जीव खाली येईल," बायको म्हणाली. तीही तिथंच फळं निवडायची. "तेवढं उतरा, मग सरकवा. राहील ना लक्षात?"

"अगं, मी काय आज शिडी बघतोय?"

तिथंच माशी शिंकली.

सुरुवात झकास झाली. शिडीचा तिसरा पाय रोवला, पायऱ्या तपासल्या, गळ्यातल्या पिशवीत अलगद फळं भरली. मालकीणबाईंनी मान डोलावली. आणि नेमकं शेजारच्या झाडावर एक लालबुंद सफरचंद दिसलं. ढुंगण आपोआप हललं.

"अहो! उतरा!"

"एवढंसं तर आहे!"

पुढं उतार होता. शिडीनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला विचारलंच नाही! लगाम तुटलेल्या घोड्यासारखी ती सुटली.

"अरे, धरा त्याला!" मालकीणबाई ओरडल्या.

"त्याला धरू की शिडीला?" एक तोडणीवाला धावत म्हणाला.

शिडी आडवी. घोडेस्वार फळांच्या खोक्यात, पाय बाहेर. घोट्याचं हाड मोडलेलं.

"गेली गं नोकरी," तो कण्हला. बायको रडत होती आणि त्याच दमात झापतही होती.

"गेली कुठं?" मालकीणबाई वाकून म्हणाल्या. "काय करू नये, ते इतकं नीट कोण शिकवणार? प्लास्टर घातलं की तेवढं सगळ्यांना दिसेल असं ठेवा."

तेव्हापासून बागेत कुणी शिडी चालवली नाही. घोडेस्वार झाडाखाली खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून ओरडतो, "उतरा, मग सरकवा!" आणि खरंच, सगळे निमूट उतरतात.

दुपारी सावली जरा पुढं सरकली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, धड पाय जमिनीला टेकवला आणि बसल्या बसल्या खुर्ची हळूच...

"अहो! आधी उठा!"