तीन खोकल्यांचा मासा

माप घेण्याच्या बाबतीत आपला हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, माझी गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणजे म्हणायची. त्या रविवारपर्यंत.

मी शिंपी. दुकान छोटंसं, पण गावातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगात माझ्या हातची पँट असते. उरलेल्या निम्म्यांत माझे सासरे येतात. त्यांनी मला पोरगी दिली, पण पँटचं कापड काही दिलं नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या शिंप्याकडे जातात, आणि जातात तेही माझ्या दुकानासमोरून, काखेत कापडाचं पुडकं मारून. बायकोला कारण विचारलं तर म्हणते, बाबांना वाटतं, जास्त बोलणारा माणूस खरं कमी बोलतो. आता यावर काय बोलणार? बोललो तर त्यांचंच म्हणणं खरं ठरायचं.

तर एके दिवशी मासेमारी क्लबचे अध्यक्ष दुकानात आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्या माणसाला बाकावर उभं करतील अशा नजरेने बघतात. गावाबाहेरच्या तळ्यावर हा क्लब दरवर्षी गळाने मासे पकडायची स्पर्धा घेतो. ज्याचा मासा सगळ्यात लांब, त्याला कप. मासा मारायचा नाही. इंचाच्या रेघा मारलेल्या ओल्या फळीवर आडवा ठेवायचा, माप घ्यायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. पण माप ज्याचं तो घ्यायचा, त्यामुळे दरवर्षी माशांपेक्षा माणसंच जास्त तडफडायची. म्हणून यंदा त्यांना मापाचा धंदा करणारा माणूस हवा होता.

"पण माझे सासरे स्पर्धेत असतात," मी म्हटलं.

"ते तुमच्याकडे साधी पँट शिवत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याइतका तटस्थ माणूस गावात दुसरा नाही."

लागलं मनाला. पण मी हो म्हणालो. आपण सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत माप घ्यावं, त्यांनी बघावं आणि मुकाट्याने कापड आणून टाकावं, एवढीच माझी इच्छा होती.

सासऱ्यांची इच्छा वेगळी. त्यांना कप हवा होता. दरवर्षी ते दुसरे येतात आणि त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, दातांचे डॉक्टर, पहिले. डॉक्टरांनी तो कप दवाखान्यात बरोबर खुर्चीच्या समोर मांडलाय. तोंड उघडलं की कप दिसतो. म्हणून सासरे दाढ दुखली तरी लवंग धरून बसतात, पण त्या खुर्चीत बसत नाहीत.

आता धंद्यातलं एक गुपित सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोट सुटलेल्या माणसाला त्याच्या कमरेचा खरा आकडा सांगायचा नसतो. आकडा ऐकला की तो पोट आत ओढतो, आणि मग त्या मापाने शिवलेली पँट घरी जाऊन जेवल्यावर बसत नाही. म्हणून मी मोठ्याने "चौतीस" म्हणतो आणि हळूच दोनदा खोकतो. पलीकडे मशीनवर बसलेली बायको छत्तीस लिहिते. एक खोकला, एक इंच! लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. आता तिला विचारसुद्धा करावा लागत नाही. कानात आकडा जातो, मागून खोकला जातो आणि हातातून थेट बेरीज उतरते. गिऱ्हाईक खूश, पँट फिट.

स्पर्धेच्या दिवशी मी रुबाबात दिसावं म्हणून स्वतः शिवलेला पातळ कोट घातला. बायको म्हणाली, मफलर घ्या. मी म्हटलं, परीक्षक कधी मफलर घालतात का? तळ्यावर गेलो तर हे धुकं! फळी ओली, हात ओले, गार वारा. अर्ध्या तासात माझा घसा बसला.

माझ्या पाठीमागे बायको फळा आणि खडू घेऊन उभी होती. मी मासा फळीवर ठेवायचो, तोंड कडेला टेकवायचो, शेपटी चिमटीत धरायचो आणि आकडा सांगायचो. अध्यक्ष मोबाइलवर फोटो काढायचे. "नऊ," मी म्हणायचो, आणि खोकायचो. "अकरा." दोनदा खोकायचो. मागे फळ्यावर काय चाललंय हे बघायला मला मान वळवायची फुरसत नव्हती. आणि आपला मासा मोठा लिहिला म्हणून तक्रार करणारा माणूस तर मी अजून पाहिलेला नाही.

दुपारी डॉक्टरांनी एक भला मोठा मासा आणला. माझी अवस्था बघून त्यांना दया आली. खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी काढून म्हणाले, "ही चघळा. साखर नाहीये यात." गोळी तोंडात टाकली, घसा मोकळा झाला. मासा मोजला. "एकवीस." खोकला नाही. मागे खडूने निमूट एकवीस लिहिले.

स्पर्धा संपायला थोडाच वेळ उरला आणि सासऱ्यांच्या गळाची काठी वाकली. असे झुंजले म्हणता, बघत राहावं. चष्मा पाण्यात पडला तरी त्यांनी काठी सोडली नाही. मासा दोन्ही हातांवर घेऊन चाचपडत आले आणि लहान मुलासारखे विचारायला लागले, "मोठा आहे ना? मोठा आहे ना?"

मी मासा फळीवर ठेवला. वीस. दोनदा बघितलं. वीसच. पुन्हा दुसरे! "वीस," मी पडक्या आवाजात म्हणालो, आणि नेमकी तेव्हाच तोंडातली गोळी संपली. एक खोकला, दुसरा, तिसरा. खोकत खोकतच मासा घेऊन पाण्यात उतरलो, कारण दमलेला मासा पोहायला लागेपर्यंत हातात धरायचा असतो. मागे लोक ओरडत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला धीर देतायत.

मासा सोडून भिजलेल्या कोटाने वर आलो तर सासऱ्यांच्या हातात कप! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. जावई झाल्यापासून त्यांनी माझा हात धरायची ही पहिलीच वेळ. मला काही कळेना. मी बायकोकडे वळलो आणि काही विचारणार, तेवढ्यात खोकला आला. तिचा खडू धरलेला हात आपोआप फळ्याकडे गेला.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. फळ्यावर सासऱ्यांच्या नावापुढे तेवीस होते.

तिकडे डॉक्टर अध्यक्षांचा मोबाइल घेऊन आलेच. "मी जन्मभर एक्स-रे बघतोय," ते म्हणाले. "हा मासा विसाच्या रेघेवर संपतो. वरचे तीन इंच कुठून आले?" मग सासऱ्यांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "कप इतका हवा होता, तर मागायचास रे. दिला असता."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा हात सोडला. "जावईबापू," ते म्हणाले, "काय असेल ते खरं सांगा."

भोवती सगळा क्लब उभा होता. म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं. खडू घसरला असं सांगून मोकळा झालो असतो, पण मग सासऱ्यांवरचा संशय जन्मात गेला नसता. मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. आकडा, खोकला, इंच, सगळं.

मग एकेकाचा हात आपापल्या कमरेकडे गेला.

"म्हणजे माझी चौतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सदतीस," बायको फळा पुसता पुसता म्हणाली. "तीन खोकले."

एक जण पुढे झाला, दुसरा झाला, आणि ही बया सगळ्यांचे आकडे तोंडपाठ सांगत सुटली! मी खुणा करून थकलो. अध्यक्षांनी मात्र आपला विचारला नाही. ते घाईघाईने फोटो बघून सगळे मासे पुन्हा मोजायला बसले. निकाल लागला. डॉक्टर पहिले, सासरे दुसरे. सासऱ्यांनी कप आपल्या हाताने दोस्ताला दिला आणि चष्मा नाही म्हणून लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता घरी गेले.

पुढे आठवडाभर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. मग एका संध्याकाळी डॉक्टर आले. सदतिसाची नवी पँट शिवायची होती म्हणे, पण पुन्हा एकदा मोजा, कमीजास्त नको. त्यांना बाकावर बसवतोय, तर दारात सासरे. नवा चष्मा, काखेत पुडकं. ते पुढे गेले नाहीत. आत आले.

पुडकं माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "स्वतःचं दुकान बुडेल हे दिसत असताना तुम्ही खरं बोललात. अशा माणसाकडे कापड टाकायला हरकत नाही."

खरं सांगतो, मला भरून आलं. त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवला. चाळीस. आता खोटं बोलणार नाही, मी मनाशी म्हटलं, आणि तोंड उघडलं.

"जावईबापू," सासरे दबक्या आवाजात म्हणाले. डोळ्यांनी त्यांनी बाकाकडे खूण केली. "तुमचा तो खोकला... अगदीच बरा झाला का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "छत्तीस," खणखणीत आवाजात म्हणालो, आणि चार वेळा खोकलो.

सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. बाकावर डॉक्टर बोटं मोजत होते. चौथ्या बोटावर थांबले, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या लवकर," ते म्हणाले. "नाहीतर बिचाऱ्याची बेचाळीस व्हायची."