क्रुसाचा डबा

फादर बावतीसची एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकली. माणूस वसईकडचा, आवाज गोड, मराठी तर अशी की पुस्तकच बोलतंय! पण कम्युनियनची पवित्र भाकर जिभेवर ठेवताना हा बाबा जीभ सोडून दात बघायचा! आम्ही बाया भक्तीनं डोळे मिटून, आ करून उभ्या, आणि हा मान तिरकी करून वाकतोय, जसा काही बैलबाजारात जोडी घ्यायला आलाय! याआधी फ्रेंच फादर झाले, गोव्याचे झाले. कुणी कधी आमच्या तोंडात डोकावलं नव्हतं.

बरं, बघून गप बसावं? नाय! जानेवारीतल्या एका रविवारी प्रवचनात म्हणतो कसा, “माझ्या धर्मग्रामातल्या भगिनींचे दात कोळशासारखे काळे का, याचा मी शोध घेतला. उत्तर एकच. मिश्री!”

सगळ्या चर्चमध्ये पदर तोंडावर गेले.

“आजपासून जी मिश्री लावील, तिला महिला संघात पद नाही आणि वेदीच्या कामाला हात नाही! कोण कोण सोडणार? हात वर करा.”

आता महिला संघाची अध्यक्षीण मी. आणि राखेच्या बुधवारची राख करायचा मान आमच्या घराचा. झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या झावळ्या घेऊन मिरवतो, त्याच वर्षभर सुकवायच्या, पुढच्या साली जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी फादर तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लावतात. माझे सासरे पुंजाराम मास्तर फ्रेंच फादरच्या घोड्यामागं पायी चालत खेडोपाडी प्रार्थना शिकवायचे. त्यांनी राख केली, मग सासूनं केली, मग मी. आणि माझ्या मागच्या बाकावर बसलेली द्वारकाबाई आठ वर्षं त्या मानावर डोळा ठेवून, दुधाच्या पातेल्यापुढच्या मांजरावाणी!

मी हात वर केला. सगळ्यात आधी. दोन्ही!

ते बघून द्वारकाबाईनं केला. मग पटापटा चाळीस हात वर. फादरच्या डोळ्यांत पाणी आलं. “हा चमत्कार आहे!” म्हणाला.

चमत्कार कसला? चाळीस बायांनी एका सुरात खोटं बोलायचं, ही एकी म्हणायची!

मिश्री सोडणं काय खायचं काम आहे? पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी मी या घरात नवरी होऊन आले. दाढ दुखली, सासूनं चिमूटभर दिली. पुढं सासू गेली, नवरा गेला, दाढही गेली. मिश्री राहिली. जी बाई एवढ्या सुखदुःखात साथ देते तिला मी वसईच्या माणसाच्या सांगण्यावरून हाकलू?

अडचण एकच. तंबाखू तव्यावर भाजताना जो ठसका उठतो तो लपत नाय. शेजारची फहमिदा भिंतीवरून ओरडतेच, “अम्मा, क्या जला रए? मेरे बच्चे खांस खांस के मर रए!” आणि फहमिदाला कळलं की गल्लीला कळलं, गल्लीला कळलं की चर्चला.

पण डोकं कुणाचं! राखेच्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी माझ्या अंगणात झावळ्यांचा धूर निघतो, हे सगळ्या मुकुंदवाडीला ठाऊक. त्याच धुराखाली मी चुलीवर तवा ठेवला आणि उपवासकाळाच्या चाळीस दिवसांची मिश्री एकदम भाजली! फहमिदा खोकत खोकत म्हणाली, “अम्मा, इस साल तुमारी राख बहोत तेज है!” मी म्हटलं, “पापं वाढली ना गं, मग राख कडकच लागणार.”

राख एका बिस्किटांच्या डब्यात भरली, मिश्री दुसऱ्यात. दोन्ही डबे जुळे भाऊ. आता मिश्रीच्या डब्याला धोका एकच, आमची सूनबाई. पोरगी मॅट्रिक पास, पण डबे घासायचा भारी सोस. दिसला डबा की ओत आणि घास! म्हणून मी मिश्रीच्या डब्यावर खिळ्यानं क्रूस कोरला आणि तो मरियामातेच्या मूर्तीमागं ठेवला. क्रूस असलेल्या डब्याला हात लावायची कुणाची छाती आहे? राखेचा डबा साधासुधा, खिडकीत ठेवला. तो मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः चर्चला पोचवणार.

झालं असं की मंगळवारी दुपारीच गल्लीतल्या साळूबाईच्या लेकीला बघायला पाहुणे आले. माझ्याशिवाय साळूबाईचं पान हलत नाय. मी तिकडं अडकले. संध्याकाळची मिश्रीही तिच्याच मोरीत उरकली. घरी आले तर सूनबाई म्हणाली, “आत्याबाई, चर्चचे सेवेकरी सांडूमामा आले होते. राखेचा डबा दिला.”

“शाब्बास!” म्हणून मी जेवून झोपले. एवढी शाब्बासकी मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच दिली, आणि ती अशी अंगलट आली!

सकाळी उठले. मरियामातेला नमस्कार केला आणि मूर्तीमागं हात घातला. हात भिंतीला लागला!

“सूनबाई! इथला डबा?”

“तोच तर दिला. क्रूस होता ना त्यावर!”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. “आन् खिडकीतला?”

“त्यात चुलीची राख होती. काल सगळी भांडी घासली. बघा ना, पातेली कशी चकाकतात!”

बघितली. झावळ्यांची वर्षभर जपलेली राख आमच्या पातेल्यांना लागली होती. आता मिश्री अख्ख्या धर्मग्रामाच्या कपाळाला लागणार होती! साडेसहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झालेली. डबा उघडला की वास सुटणार, वास सुटला की फादर विचारणार, आणि राख कोण करतं हे शेंबड्या पोराला ठाऊक. म्हणजे सासऱ्यांचा मान चालला थेट द्वारकाबाईच्या पदरात!

मी धावत बंबाजवळ गेले, त्यातली राख दोन्ही हातांनी पदरात भरली आणि फहमिदाच्या नवऱ्याला हाक मारली, “रहीम! रिक्षा काढ!”

रहीम लुंगीवरच आला. रिक्षा अशी सोडली की विचारू नका! पण वारं समोरून आणि पदर माझा उघडा. पहिल्याच वळणाला निम्मी राख उडाली. थोडी माझ्या डोक्यात, थोडी तोंडात, उरलेली रहीमच्या डोळ्यांत.

“अम्मा, क्या उडा रए तुम? मेरे आंखां में जा रा!”

“तू पुढं बघ!”

“क्या देखूं? कुछ दिखरैच नै!”

चर्चपाशी उतरले तेव्हा पदरात चिमूट शिल्लक नव्हती. सगळी अंगावर! केसांपासून पायांपर्यंत मी पिठाच्या गिरणीतून निघालेल्या पोत्यावाणी. तशीच दारातून आत शिरले. फादरचं प्रवचन चालू होतं, बायबलातली जुनी माणसं पश्चात्ताप झाला की कशी अंगावर राख ओढून बसायची, ते! फादरनं मला बघितलं आणि बोलता बोलता थांबला. अख्खं चर्च वळलं.

“पाहा!” फादरनं माझ्याकडं हात केला. “सारजाबाईंकडं पाहा! आपण कपाळापुरती राख लावून घेतो. या माउलीनं मात्र सर्वांग राखेत माखून घेतलं आहे. याला म्हणतात पश्चात्ताप!”

आता बोला! मी सांगायला आले होते की फादर, डबा चुकला. पण चारशे माणसं माझ्याकडं संत बघावा तशी बघत होती. पुढच्या बाकावरची म्हातारी उठून माझ्या पाया पडली. आणि द्वारकाबाईचं तोंड! कारलं खाल्ल्यावाणी झालेलं. तेवढं तोंड बघण्यासाठी माणसानं काय वाटेल ते सोसावं. मी डोळे मिटले, हात जोडले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, वास आला तर बघू. थंडीत सगळ्यांचीच नाकं चोंदलेली असतात.

सांडूनं डबा वेदीवर ठेवला. फादरनं प्रार्थना म्हटली आणि वरून पवित्र पाणी शिंपडलं.

तिथंच घात झाला. कोरडी मिश्री गप असते. ओली झाली की बोलायला लागते!

असा काही दरवळ उठला की मागच्या बाकावरचे बजाजनगरचे कामगार ताठ होऊन बसले. सांडूला एकापाठोपाठ एक सात शिंका आल्या. फादर मात्र गप. पहिल्याच्या कपाळाला अंगठा टेकवला, क्षणभर थांबला, आणि पुढं चालू. “तू माती आहेस, मातीला मिळशील.” मी रांगेत गेले. हळूच म्हटलं, “फादर, डबा...” पण त्यानं माझ्या कपाळावर अंगठा असा दाबला की पुढचं मेंदूतच राहिलं.

जागेवर येऊन बघते तर काय! आमच्या संघाच्या बायांच्या चेहऱ्यांवर असं समाधान, जसं उन्हातान्हातून आल्यावर माठातलं पाणी मिळावं. द्वारकाबाईनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग डोकं खाजवल्यासारखं करून कपाळाला बोट लावलं. आणि ते बोट गेलं सरळ गालाच्या आत! तिचं बघून शेजारणीनं. मग तिच्या शेजारणीनं. तीन आठवडे चोरून-मारून भागवलेली तलफ! थोड्याच वेळात पूर्ण रांगेच्या कपाळांवरचे क्रूस गायब! एक बाई तर पुसलेलं कपाळ घेऊन रांगेत पुन्हा उभी राहिली. तिच्या मागं दुसरी. फादर लावतोय, रांग संपत नाय!

“तुम्हाला आत्ताच लावली ना?” फादर एकीला म्हणाला.

“पाप लई हाय, फादर. अजून एकदा लावा!”

शेवटी फादरनं डबा बंद केला. झाकणावर हात ठेवून सगळ्या बायांवर एक नजर फिरवली. समोर चाळीस साफ कपाळं आणि चाळीस फुगलेले गाल. चूळ टाकायला जागा नाय आणि गिळवत नाय! फादर एवढंच म्हणाला, “मिस्सेनंतर मी कन्फेशनला बसणार आहे. ज्यांनी हात वर केले होते, त्या सर्वांसाठी.”

मिस्सा संपली तशा चाळीस बाया नळाकडं पळाल्या. मग निमूटपणे कन्फेशनच्या पेटीपुढं रांग लागली. अध्यक्षीण म्हणून पहिला नंबर माझा. मागं द्वारकाबाई, तिच्या मागं अख्खा संघ. मला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं माझी कुजबुज म्हणजे रेल्वे स्टेशनवरची सूचना.

गुडघे टेकले. जाळीपलीकडं फादरची सावली.

“फादर, माझा हात खोटा. मिश्री माझी. डब्यावर क्रूस काढला तोबी मीच.” मग मी हात जोडले. “अध्यक्षपद काढून घ्या. पर राख दुसऱ्या कुणाला देऊ नका. माझ्या सासऱ्याच्या हातचं काम हाय ते. मी मेले तरी माझ्या सुनेला शिकवून मरीन. भांडी घासायची राख कोणती आन् देवाची कोणती, एवढं सोडून तिला सगळं येतं.”



मग माझ्या डोक्यात उजेड पडला. “एक सांगा, फादर. वास सगळ्या चर्चला आला. पयल्या कपाळाला अंगठा लावला तवा तुमाला नाय आला?”

“आला होता,” फादर म्हणाला.

“मग थांबला का नाय?”

“कसा थांबू? ही तंबाखू आहे म्हणालो असतो, तर फादरला तंबाखू इतकी चटकन कशी ओळखू आली, असं लोकांनी विचारलं असतं.”

“सांगायचं, देवानं नाक दिलंय म्हणून!”

“नाकाचाच तर घोळ आहे, सारजाबाई.” फादरचा आवाज पार खाली गेला. “मी तपकीर ओढतो. सेमिनरीत असल्यापासून. बावीस वर्षं झाली.”

माझ्या मागं जपमाळेचे मणी वाजत होते, ते थांबले.

“राख तुमच्याच घरी राहू द्या,” फादर घाईघाईनं म्हणाला. “अध्यक्षपदही राहू द्या. फक्त जरा हळू बोला, बाहेर ऐकू जातं.”

हळू? मी कंबरेला हात लावून उठले, पदरावरची बंबाची राख झटकली, जाळीला तोंड लावलं आणि म्हटलं,

“फादर बावतीस! चाळीस बायांच्या तोंडाला कुलूप घातलं, आन् सवताच्या नाकाचं दार सताड उघडं?”