हात न लावता खेळायचे खेळ

मुलाचा सर्वांगीण विकास ही बाब मुलावर सोडून देण्याइतकी किरकोळ नाही. पूर्वी ती तशी सोडली जात असे. मुले मातीत लोळत, पाणी सांडत, भिंतींवर रेघोट्या ओढत आणि धपाटा खाऊन झोपी जात. त्यातूनही ती मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली. पण त्यांचा विकास नेमका कोणत्या तारखेला झाला, याचा एकही फोटो कोणाकडे नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी एका बालवाडीने 'संवेदन-खेळ पंधरवडा' जाहीर केला.

परिपत्रक दोन पानी होते आणि त्यात 'सोपे' हा शब्द अकरा वेळा आला होता. प्रत्येक पालकाने रोज अर्धा तास पाल्यासोबत स्पर्श, वास, आवाज इत्यादींचा खेळ करावा. तो घरच्या घरी, घरात असलेल्याच वस्तूंपासून करावा. घरात असलेल्या वस्तूंची यादी सोबत जोडली होती : दाढीचा फेस (बिनवासाचा), तीन जाडीचा सँडपेपर, मखमलीचा तुकडा, खाण्याचे पाच रंग, लाकडी चिमटे, एकाच मापाची चोवीस झाकणे आणि उत्साह. रोज संध्याकाळी सहाच्या आत पालकांच्या ग्रुपवर एक फोटो पाठवायचा होता. पंधरवड्याच्या शेवटी प्रदर्शन होते. मुले स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू मांडणार होती. (वस्तू जड असल्यास पालकांनी दोन माणसे आणावीत, अशी तळटीप होती.)

हे परिपत्रक सर्वांत गांभीर्याने वाचले गेले ते एका वजनमापे निरीक्षकाच्या घरी. दुकानदारांचे काटे तपासणे, खोटे निघाल्यास जप्त करणे आणि खरे निघाल्यास जरा हिरमुसून परत येणे, ही त्याची नोकरी. माणूस सज्जन, पण घरातल्या पिशवीवर 'एक किलो' लिहिले असेल तर ती हातात घेऊन एकदा जोखल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याची बायको इस्पितळात परिचारिका होती. आणि लेक पावणेचार वर्षांची. जन्मल्यापासून ती एका जागी दोन मिनिटे टिकलेली कोणी पाहिली नव्हती, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

निरीक्षकाने पंधरा दिवसांची रजा टाकली. लग्नात त्याने चारच दिवस घेतले होते.

"एवढं कशाला?" बायको कामावर निघता निघता म्हणाली. "तिला परातीत पाणी दे आणि एक पेला दे. अर्धा तास कुठे गेला ते कळणार नाही."

"त्याला संवेदन-खेळ म्हणत नाहीत," निरीक्षक म्हणाला. "त्याला सांडासांड म्हणतात."

पहिल्या दिवशी खारे पीठ होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी बेताने. 'बेताने' हा शब्द निरीक्षकाला मान्य होण्यासारखा नव्हता. त्याने मोजपात्र काढले. पीठ दोनदा सैल झाले, एकदा दगड झाले, चौथ्यांदा जमले. त्याने वहीत नोंद केली : पूर्वतयारी, दोन तास दहा मिनिटे. आवराआवर, एक तास पाच मिनिटे. फोटो काढले बासष्ट, पाठवला एक. पाल्याचा सहभाग, चार मिनिटे. (पैकी दीड मिनिट 'मला शू लागली' यात खर्ची पडले.)

सहा वाजता फोटो ग्रुपवर गेला. त्याला दोन अंगठे मिळाले. त्यांतला एक बायकोचा होता.

त्याच संध्याकाळी ग्रुपमधल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलाचा फोटो टाकला. निळ्या जेलीचा समुद्र, त्यात शिंपले, वर कापसाचे ढग आणि काठाला बसलेले, भांग पाडलेले पोर. एकवीस अंगठे, नऊ बदाम आणि बालवाडीच्या ताईंचे 'किती गोड!'. निरीक्षकाने तो फोटो मोठा करून पाहिला, कोपरे पाहिले, शिंपले मोजले. एखाद्या काट्यात पारडे झुकवायला मेण लावलेले असते, तसे इथेही काहीतरी असणार, असे त्याला वाटले. काहीच सापडले नाही. समुद्र खरोखरच चांगला होता.

त्या दिवसापासून तो कंबर कसून कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी बर्फात गोठवलेली पाने झाली, तिसऱ्या दिवशी वासाच्या बाटल्या, चौथ्या दिवशी फेसाचा डोंगर. अंगठे सातावर गेले, मग तेरावर. पाचव्या दिवसापासून त्याने प्रदर्शनाची मुख्य वस्तू हाती घेतली : साठ बाय चाळीस सेंटिमीटरची स्पर्शपाटी, तीवर बारा चौकोन, प्रत्येकात वेगळा स्पर्श आणि मधोमध खाऱ्या पिठाचा मासा. माशावर त्याने चाकूच्या टोकाने खवले कोरले. एकशे चाळीस भरले. दोन्ही बाजूंना सारखे.

भिंगरी या काळात जवळपास असे. 'हात लावू नको, अजून ओलं आहे' हे तिला दिवसातून साधारण तीस वेळा ऐकू येई. पीठ वाळल्यावर 'हात लावू नको, फोटो व्हायचाय' आणि फोटो झाल्यावर 'हात लावू नको, प्रदर्शनाला जायचंय'. अशा रीतीने तिन्ही अवस्थांची तरतूद झाली होती.

आठव्या दिवशी मात्र नियमभंग झाला. निरीक्षक गोंद आणायला खाली गेला असताना भिंगरीने माशाच्या पोटात अंगठा दाबला. पोट मऊ होते, अंगठा छान आत गेला. म्हणून तिने तो तसाच ठेवून डोळे मिटले.

"अगं! काय केलंस हे!"

तो ओरडला नव्हता, असे त्याचे म्हणणे. पण शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिले. भिंगरी रडली, निरीक्षकाने तिला उचलून घेतले, पापा घेतला, गप्प केले आणि मग ओल्या चाकूने अंगठ्याचा ठसा सफाईने बुजवून टाकला. बुजवण्याआधी त्याने तो जवळून पाहिला. ठसा फार लहान होता, रेघासुद्धा स्पष्ट उमटल्या होत्या. पण खवल्यांची ओळ तुटत होती.

त्यानंतर भिंगरीने त्रास दिला नाही. तिला खेळ समजला. बाबाने 'ये गं' म्हटले की ती यायची, दोन्ही हात वस्तूच्या वर बोटभर अंतरावर धरायची, हसायची, 'झालं?' म्हणून विचारायची आणि जायची. बाराव्या दिवशी एका फोटोतच काम झाले. निरीक्षकाने वहीत लिहिले, 'एकाग्रतेत लक्षणीय वाढ'.

प्रदर्शनाच्या दिवशी बालवाडीच्या मोठ्या खोलीत सत्तावीस वस्तू मांडल्या होत्या. प्रत्येकीपुढे 'हे मी केले' अशी चिठ्ठी होती, सत्तावीस प्रौढ हस्ताक्षरांत. आईवडिलांच्या बोटांना पट्ट्या होत्या, नखांत रंग होता, एका वडिलांची भुवई गोंदात गेली होती. मुलांचे हात स्वच्छ होते. मुले भिंतीला लागून बसली होती आणि कोणी कशाला हात लावत नव्हते.

परीक्षक म्हणून एक वयस्क बालरोगतज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्या स्पर्शपाटीपुढे थांबल्या आणि त्यांनी भिंगरीला बोलावले.

"काय गं, हे कसं लागतं हाताला? सांग बरं."

भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात लावायचा नसतो," तिने समजावून सांगितले.

"मग काय करायचं असतं?"

"हसायचं."

आणि ती हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या मुलाला विचारले, पलीकडच्या मुलीला विचारले. सत्तावीस मुलांनी सत्तावीस वेळा हात मागे घेतले. बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिले. ताईंनी तो कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि अहवालाचा सारांश स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवला : मुलांमध्ये आत्मसंयमाचा शंभर टक्के विकास झाल्याचे दिसून आले. टाळ्या झाल्या. पहिला क्रमांक स्पर्शपाटीला मिळाला.

निरीक्षक पाटी काखेत मारून घरी आला. घरी आल्यावर त्याने पाटी जमिनीवर ठेवली आणि भिंगरीला समोर बसवले.

"लाव हात. सगळीकडे लाव. काही बोलणार नाही मी."

भिंगरीने आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या खिशाकडे. "फोन?"

"फोन नाही. असंच."

ती बसून राहिली. शेवटी निरीक्षकाने आपलाच पंजा उघडला आणि दहा दिवस खपून केलेल्या त्या माशावर ठेवला. शेपटीचे टोक मोडले.

"बाबा! हात लावू नको ना! खराब होईल!" भिंगरी किंचाळली. शब्द त्याचे होते, सूरही त्याचाच.

बायको कामावरून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने सगळे ऐकून घेतले, 'मी म्हटलं होतं' असे ती म्हणाली नाही, आणि हेच त्याला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बालवाडीत गेला. हा उपक्रम बंद करा, मुलांना मोकळे खेळू द्या, असे त्याने ताईंना टेबलावर हात आपटून सांगितले. ताईंना ते तंतोतंत पटले. त्यांनी लगेच 'मोकळा खेळ महिना' जाहीर केला आणि त्याची नियमावली करण्यासाठी समिती नेमली. निरीक्षक अध्यक्ष होऊन घरी परतला.

रविवारी तो नियमावलीचे सातवे कलम लिहीत होता ('चिखल : पाण्याचे व मातीचे प्रमाण') तेव्हा गॅलरीतून गुणगुणणे ऐकू आले. तो उठून दाराशी गेला. भिंगरीने झारीतले सगळे पाणी एका कुंडीत ओतले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले होते. चिखल बोटांतून वर येत होता, ती तो परत दाबत होती, आणि चिखलाला काहीतरी सांगतही होती. कपाळावर, कानात, फ्रॉकभर चिखल होता. निरीक्षक न हलता उभा राहिला. असा तो पुरते अर्धे मिनिट उभा होता, आणि ते अर्धे मिनिट त्याच्या आयुष्यातले उत्तम होते, याविषयी दुमत नाही.

मग त्याने खिशातून फोन काढला.

"भिंगरी, अशीच थांब हं."

भिंगरीने हात बाहेर काढले, कुंडीच्या वर बोटभर अंतरावर धरले आणि ती हसली.

त्या फोटोला चाळीस अंगठे मिळाले. खाली एकाने 'निरागस!' असे लिहिले.

एवढ्यावरून निरीक्षकाला नावे ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती. घरात लहान मूल असलेल्या वाचकांपैकी दहापैकी नऊ जणांकडे, हा मजकूर वाचत असताना, ते मूल दोनदा काहीतरी दाखवायला येऊन गेले आहे. दोन्ही वेळा त्याला मान वर न करता 'वा, छान' असे सांगण्यात आले. (त्याने काय दाखवले, हे आठवत असल्यास कृपया कळवावे.)